अर्धा किलोची फ्रेम आणि पारूबायचा काटा

दापोलीत सायकलच्या दुकानाच्या पायरीवर मांजरं का बसून असतात, असं बाहेरगावची माणसं मला विचारतात. त्याचं उत्तर पारूबाय. पारूबाय बुरोंडीहून मासे घेऊन येते आणि माझ्या दुकानाशेजारच्या ओट्यावर बसते. तिच्याकडे हुकाला लटकवून वजन करायचा एक काटा आहे. सुरमई, घोळ, जे काय मोठं असेल ते त्याच हुकाला. आणि गिऱ्हाइकाने सायकलचं वजन विचारलं की मीही तोच काटा मागून आणतो. त्यामुळे माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक भारी सायकलला दोन दिवस माशाचा वास येतो आणि मांजरं तिची चाकं चाटत बसतात. गिऱ्हाइकांची तक्रार नसते, मांजरांची तर नाहीच.

पूर्वी सायकलचं वजन कोणी विचारत नसे. मी धंद्याला लागलो तेव्हा लोक विचारायचे की हिच्यावर तांदळाचं पोतं राहील का, मागे बायको बसेल का, आणि दोन्ही एकदम जमेल का. आता माणूस दुकानात शिरतो तो एका बोटाने सायकल उचलतच. बोट दुखलं की तोंड वाकडं करतो. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत काम करणारा एक ऑपरेटर माझ्याकडे येतो. त्याने एकेक स्क्रू बदलून हलका घेतला, घंटी काढली, स्टँड काढला, आणि हे सगळं मला सांगत असताना त्याच्या पाठीवरच्या पिशवीत तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, पाण्याची मोठी बाटली आणि छत्री होती. गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावू नये, हा माझा नियम आहे. एक नियम मात्र मी फार उशिरा शिकलो, आणि तो शिकवणाऱ्या माणसाबद्दल हे लिहितो आहे. लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ती मिळायला दोन वर्षं लागली.

युसुफभाई बुरोंडीचे. बत्तीस वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये होते. रिटायर होऊन घरी आले तेव्हा मुलाने, इमरानने, कुवेतहून पैसे पाठवून त्यांना गिअरची सायकल घेऊन दिली. पुढे शॉकअप, मागे काही नाही, रुंद टायर, डोंगरात चालवायची. आमच्या धंद्यात हिला हार्डटेल म्हणतात. म्हणजे पुढच्या हातांना आराम आणि मागच्या बुडाला नाही. मुलाला वाटलं, बाबा संध्याकाळी समुद्राकाठी एक चक्कर मारतील. बाबा पहिल्याच महिन्यात बुरोंडीची चढण चढून दापोलीला चहा प्यायला आले, आणि मग रोज यायला लागले.

मी एकदा विचारलं, एवढं काय त्या चढणीत? तर म्हणाले, "बत्तीस वर्षं जहाजाच्या पोटात काढली. दर्या बघायचा तर जिना चढायला लागायचा, आणि जिना चढायला टाइम नसायचा. आता मी वरच्या वळणावर येतंय आणि मागं बघतंय. पुरा दर्या दिसतो. मना दुसरं काय नको."

सायकलची दुरुस्ती ते स्वतः करत. इंजिनवाला माणूस, दुसऱ्याच्या हातात पाना देणं त्यांना कमीपणाचं वाटे. माझ्याकडे यायचे ते चहा प्यायला आणि माझे पाने कसे चुकीच्या खिळ्यांना टांगलेत ते सांगायला.

मग एका पावसाळ्यानंतर गडबड झाली. युसुफभाईंना चढण जड जायला लागली. आधी एकदा उतरायला लागले, मग दोनदा. एक दिवस ते वळणावरच्या मोरीवर दम खात बसले होते, बाजूला सायकल आडवी. तेवढ्यात कोणा रिक्षावाल्याने काळजीपोटी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. ते घरी पोचायच्या आत फोटो कुवेतला पोचला होता.

इमरानने आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, छाती चांगली आहे, चालवायला हरकत नाही, झेपेल तेवढंच करा. पण फोटोत रस्त्याच्या कडेला बसलेला बाप बघितल्यावर मुलगा डॉक्टरचं कशाला ऐकतो! त्याने फोनवर सांगून टाकलं की डिसेंबरात मी सुट्टीवर येतो आहे. माझ्यासमोर, पाय न टेकता, घाट चढून दाखवा. नाही जमलं तर सायकल विकायची आणि बॅटरीवरची स्कूटर घ्यायची.

युसुफभाई दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत माझ्याकडे आले. चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"सदा," ते म्हणाले, "हलकी फ्रेम बघ. दोन महिने हायत."

आता थोडं धंद्याचं सांगतो. सायकलची फ्रेम म्हणजे चाकं, हँडल, सीट, गिअर, पायडल सगळं काढून घेतल्यावर जो नळ्यांचा सांगाडा उरतो तो. नवी हलकी फ्रेम घेऊन जुने सगळे भाग तिच्यावर चढवायचे, हे ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की ते मुलीचं स्थळ बघण्यासारखं होतं. वजन पसंत पडतं आणि बाकीचं जुळत नाही. शॉकअपची दांडी वर-खाली सारख्या जाडीची, आणि नव्या फ्रेमचं तोंड खाली रुंद असलेल्या दांडीसाठी केलेलं. तिथे जमलं तर सीटची दांडी दीड सूत जाड निघते. मागच्या चाकाचा एक्सल जुन्या पद्धतीचा बारीक, आणि हल्लीच्या फ्रेमला जाड लागतो, मग चाकच नवं घ्या. डिस्क ब्रेकची बैठक वेगळी. पायडलचा एक्सल जिथे फिरतो तिथे कोणाला आटे असतात, कोणाचं नुसतंच दाबून बसवलेलं. एवढं सगळं जुळल्यावर शेवटी बघायचं की फ्रेम माणसाच्या मापाची आहे का. पुष्कळ लोक हे शेवटीसुद्धा बघत नाहीत.

युसुफभाईंना मी वहीत चित्र काढून दाखवलं. त्यांना अशा गोष्टी पटकन कळत. त्यांनी स्वतःचं मापाचं साधन आणलं आणि प्रत्येक भाग मोजून मला आकडे सांगितले, मी मोजलेले होते तरी. दोन ठिकाणी माझे चुकले होते.

कार्बनची फ्रेम सगळ्यात हलकी. मी ती आधीच बाजूला ठेवली. आमच्याकडे रस्ता सोडला की जांभा, आणि जांभ्याचा एक धोंडा चाकाखालून उडून त्या नळीवर बसला की आत काय झालं ते वरून दिसत नाही. लोखंडाची टिकते, पण खाऱ्या वाऱ्याला किती दिवस तोंड देईल? उरली ॲल्युमिनियमची. त्यातही एक इतकी पातळ होती की नळी बोटाने दाबली तर दबेल असं वाटे. ती विकणारा फोनवर म्हणाला, रेसवाले हीच घेतात. मी म्हटलं, रेसवाले मागे नारळ बांधून येत नाहीत. शेवटी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे एक मिळाली. सगळं जुळत होतं आणि जुन्या फ्रेमपेक्षा बरोबर अर्धा किलो हलकी होती.

अर्धा किलो म्हणजे दोन बऱ्यापैकी पापलेटं. तेवढ्याने घाट सोपा होतो का? खरं सांगायचं तर फार नाही. मला ते माहीत होतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून मला तसं सांगवेना. मनात म्हटलं, अर्धा किलो सायकलचा आणि थोडा भरवशाचा, मिळून काम होईल.

मागवायच्या आधी मी जुन्या सायकलचं वजन केलं. पारूबायचा काटा आणला, सायकल हुकाला लावली, आणि काटा जिथे थांबला ते बघून मी दोनदा डोळे पुसले. कंपनीच्या कागदावर होतं त्यापेक्षा जवळजवळ दोन किलो जास्त. आता इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. मी पारूबायकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तुझा काटा खोटं बोलतो, दोन किलो जास्त दाखवतो.

पारूबायने हातातली सुरी खाली ठेवली. तिच्यावर कोणी काटा मारल्याचा आळ उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. ती मला एवढंच म्हणाली, "माजा काटा खोटा नाय. तुजं डोकं लटकव, मग बघू." चारही गिऱ्हाइकं हसली. त्या दिवसापासून तिने मला मासे देणं बंद केलं, आणि माझ्या घरी दीड महिना वांगी शिजली.

फ्रेम आली. काळी, सुंदर, हातात घेतली की हात आपोआप वर जावा अशी. युसुफभाई ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. इमरान यायला आठवडा होता. मी आधी नव्या फ्रेमच्या तोंडात हँडलचे कप ठोकून पक्के बसवले, म्हणजे आता ती परत पाठवायचा प्रश्नच नाही. मग जुनी सायकल उलटी करून खोलायला घेतली. क्रँक काढली. पायडलच्या एक्सलची पेटी आट्यातून सोडवली आणि ती ओढून बाहेर काढली.

वाळू पडली.

थोडी नाही. मी आधी गंजाची पूड समजलो, पण ती थांबेचना. माझ्या चपलांवर पडली, लादीवर ढीग झाला. फ्रेमची पुढची जाड तिरकी नळी तोंडापर्यंत भरलेली होती, इतकी ठासून की हलवल्यावरही कधी आवाज आला नव्हता. बारीक, चाळलेली, कोरडी वाळू. पेटीतले छर्रे तर वाळूत दळून दळून चपटे झाले होते. असा एक्सल फिरवत हा माणूस घाट चढत होता. मला त्यांच्या पायांना नमस्कार करावासा वाटला.

तो केला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी हसत सुटलो. म्हटलं, "युसुफभाई, हे काय? बुरोंडीचा किनारा घेऊन फिरताय? कुठल्या गाढवाने हे डोकं चालवलं?"

युसुफभाई हसले नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तूच सांगितलंस."

आणि मग त्यांनी मला आठवण करून दिली. सायकल नवी होती, आमची ओळख नव्हती. गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गर्दी. एक अनोळखी माणूस दारातूनच म्हणाला की घाट उतरताना सायकलचं हँडल थरथरतं. मी हातातल्या पंक्चरवरून मान वर न करता विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, जहाजावर होतो. आणि मी, चार माणसं ऐकताहेत म्हणून, चमकायची हौस आली म्हणून, म्हणालो, "मग तुम्हाला ठाऊक असेल. हलकं गलबत डोलतं. थोडं निरम भरा."

निरम म्हणजे रिकाम्या होडीच्या तळाशी स्थिर राहावी म्हणून घालतात ते ओझं, धोंडे किंवा वाळू. दुकानात हशा झाला असणार. मला तोही आठवत नाही. अशी वाक्यं मी दिवसाला दहा बोलायचो.

पण जो माणूस बत्तीस वर्षं वरच्याने सांगितलं की केलं, अशा शिस्तीत राहिला, तो धंद्यातल्या माणसाचं बोलणं थट्टा समजत नाही. युसुफभाई घरी गेले. वाळू आणली, धुतली, वाळवली, पिठाच्या चाळणीने चाळली, त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली. पाण्याची बाटली अडकवायचे दोन स्क्रू काढले, त्या भोकाला कागदाची पुंगळी लावली आणि तीन दिवस बसून चिमूट चिमूट आत सोडली. थरथरही गेली. जायचीच, कारण एवीतेवी पाना हातात आहे म्हणून त्यांनी हँडलचा ढिला कपही आवळला होता. श्रेय वाळूला मिळालं, आणि थोडंसं मला. एवढ्यावरच ते माझ्याकडे चहाला यायला लागले होते. भरायला मी सांगितलं होतं, काढायला नाही, म्हणून हलकी फ्रेम शोधतानाही त्यांनी वाळूचं नाव काढलं नव्हतं.

मला बसावंसं वाटलं, तर स्टूल वाळूत रुतलेलं. लाज वाटली, साधीसुधी नाही. माझ्या एका फालतू वाक्यापायी हा माणूस दोन वर्षं घाटात घाम गाळत होता, रस्त्याच्या कडेला बसला होता, आणि आता त्याची सायकल जाणार होती. वर मी त्यालाच गाढव म्हटलं होतं, आणि ते विशेषण फिरून आता माझ्याकडे आलं होतं.

मी वाळू एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा केली आणि काटा मागायला पारूबायकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. ती स्वतः काटा घेऊन आली, पिशवी हुकाला लावली. पावणेदोन किलो. तिने तो आकडा मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा.

आता प्रश्न होता की कुठली फ्रेम बसवायची. नवी अर्धा किलो हलकी, पण जुनीतून पावणेदोन किलो फुकट गेलं होतं. युसुफभाईंनी काळ्या फ्रेमवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "हिच्यावर चढलो तर इमरान म्हणेल फ्रेमनं चढवलं. जुनीच घाल." मी नव्या छर्ऱ्यांची पेटी बसवली, प्रत्येक नळी पाण्याने धुऊन उन्हात वाळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला नाही. इमरानला मी सगळं कबूल करतो म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाले. "इंजिन रूममधली गोष्ट डेकवर न्यायची नाय."

ठरल्या सकाळी बुरोंडीच्या शेवटच्या घरापासून निघालो. पुढे युसुफभाई, मागे स्कूटरवर इमरान आणि त्याच्या मागे मी. पहिला अर्धा भाग ते गुणगुणत गेले. नवे छर्रे लोण्यासारखे फिरत होते आणि मला ते मागून दिसत होतं. मग ते मोरीचं वळण आलं, फोटोतलं. तिथे चढ एकदम उभा होतो. सायकल चालत्या माणसाच्या वेगावर आली, मग त्याहून हळू. पुढचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. इमरानचा हात ब्रेकवर होता आणि तो पुटपुटत होता, बस झालं बाबा, उतरा आता.

वाळू आत होती तोवर दोष माझा होता. आता आत वाळू नव्हती. आता ते उतरले असते तर वयाला दोष द्यावा लागला असता, आणि त्यावर माझ्या दुकानात औषध नाही. मी इमरानच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "हाक मारू नकोस. त्यांना मोजू दे." कारण ते पायडल मोजत होते. मला मागून ऐकू येत होतं.

पाय टेकला नाही. वळण संपलं, चढ जरा कमी झाला, आणि वरच्या टोकाला जिथून मागे दर्या दिसतो तिथे युसुफभाई थांबतील असं आम्हाला वाटलं. ते थांबले नाहीत, नुसती मान वळवून एकदा मागे बघितलं आणि तसेच दापोलीकडे गेले. इमरानने स्कूटर बाजूला घेतली. त्यानेही मान वळवून मागे समुद्र बघितला. मग मला म्हणाला, "काका, मागच्या चाकात हवा कमी वाटली. दुकानात गेल्यावर बघा." सायकल राहणार हे मला तेवढ्यावरून कळलं. माझेच डोळे भरून आले आणि मी ते धुळीवर ढकललं.

पारूबायने त्या दिवशी मला मासे दिले. वजन न करता दिले, हा टोमणा होता.

काळी फ्रेम काही दिवस दुकानात टांगलेली राहिली. येणारा-जाणारा बोटाने उचलून बघे आणि खूश होऊन आपली जुनीच सायकल घेऊन घरी जाई. शेवटी मीच तिच्यावर सायकल बांधली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सायकली केल्या, स्वतः कधी घाट चढलो नव्हतो. आता आठवड्यातून दोनदा युसुफभाईंबरोबर जातो. दापोली तालुक्यातल्या सगळ्यात हलक्या सायकलींपैकी एक माझ्याकडे आहे, आणि मोरीच्या वळणावर मी ती हाताने ढकलत नेतो. ते वर बसून वाट बघतात.

दुकानात आता मी थट्टा करत नाही असं नाही, खोड जात नाही. पण कोणी तक्रार घेऊन आलं की हातातलं काम ठेवतो, उठतो आणि आधी सायकल आत घ्यायला सांगतो. उशिरा शिकलो म्हणालो तो नियम एवढाच.

परवा घाट उतरताना माझं हँडल थरथरायला लागलं. मी ओरडून युसुफभाईंना सांगितलं. ते थांबले, मागे आले, सायकलला हात न लावता गंभीरपणे म्हणाले, "हलकी हाय. निरम भर."

आणि त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी न उघडताच ओळखली. पावणेदोन किलो. किती दिवस ती पाठीवर घेऊन घाट चढत होते, ते मी विचारलं नाही.